मुलाखतीतला भविष्यकाळ

चाकणच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे मुलाखतीच्या वेळी भरायचा एक छापील गुणतक्ता आहे. विषयाचे ज्ञान, अनुभव, संभाषण अशा रकान्यांखाली त्यात ‘स्थैर्य’ नावाचा दहा गुणांचा रकाना आहे. हे दहा गुण कशावरून द्यायचे, हे तक्त्यावर कुठेही लिहिलेले नाही. तरीही मुलाखत मंडळावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते नेमके ठाऊक असते. ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ असे विचारायचे, आणि उमेदवार आपल्याच कंपनीत, एखादी पायरी वर चढलेला दिसला की गुण टाकायचे. हा प्रश्न मूळचा मराठी नाही, हे त्याच्या ठेवणीवरूनच कळते. आपल्याकडची वडीलधारी माणसे ‘पुढे काय करायचा विचार आहे?’ असे विचारत आली आहेत, आणि दोन्ही प्रश्नांत वाटतो त्यापेक्षा मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रश्नात आजचा विचार विचारला जातो. पहिल्यात उद्याचे दृश्य मागितले जाते.

२०१६ च्या उन्हाळ्यात गुणवत्ता नियंत्रण विभागातल्या एका जागेसाठी आम्ही तिघांनी मुलाखती घेतल्या. शेवटी दोन नावे उरली. लातूरकडची एक मुलगी होती. हिशेबात आणि मोजमापाच्या साधनांच्या माहितीत तिच्या तोडीचे त्या दिवशी कुणी नव्हते. पाच वर्षांचा प्रश्न आला तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सर, मी एम.टेक.साठी अर्ज केला आहे. जुलैपर्यंत कळेल. प्रवेश मिळाला तर मी जाईन, नाही मिळाला तर इथेच राहून काम शिकेन.” दुसरा उमेदवार सांगलीचा. त्याने याच कंपनीत विभागप्रमुख होण्याची इच्छा अशा सफाईने सांगितली की ते उत्तर त्याने किमान वीस वेळा म्हटलेले असणार, हे आम्हा तिघांनाही कळले. मी मुलीला स्थैर्याचे दोन गुण दिले आणि मुलाला नऊ. जागा त्याला मिळाली.

अशा गोष्टीचा शेवट सहसा कसा सांगितला जातो, हे वाचकांना माहीत आहे. तो मुलगा सहा महिन्यांत सोडून गेला आणि आमची फजिती झाली, असे सांगता आले असते तर माझा लेख इथेच सिद्ध झाला असता. पण तसे घडले नाही. तो आजही आमच्याकडे आहे आणि खरोखरच विभाग सांभाळतो. चार वर्षांपूर्वी एकदा कँटीनमध्ये चहा पिताना त्याने सहज सांगून टाकले की मुलाखतीच्या काळात तो राज्यसेवेची तयारी करत होता आणि पूर्वपरीक्षेत उत्तीर्ण झाला असता तर तो रुजूही झाला नसता. म्हणजे त्याचे उत्तर खोटे होते आणि भाकीत खरे ठरले. त्या मुलीचे उत्तर खरे होते. तिचा प्रवेश झाला की नाही, हे आम्हाला कधीच कळले नाही, कारण जुलैपर्यंत थांबण्याची तसदी आम्ही घेतलीच नाही.

मुलाखतीतल्या प्रामाणिकपणाविषयी बोलताना आपण ज्या दोन गोष्टींची गल्लत करतो, त्या या प्रसंगात वेगवेगळ्या झालेल्या दिसतात. पुढे काय होईल, हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे त्याबाबत खरे-खोटे करता येत नाही. फार तर अंदाज चुकतो. मात्र आज आपण काय ठरवले आहे, कुठे अर्ज केला आहे, कुठले पत्र आपल्या हातात आहे, या आजच्या वस्तुस्थिती आहेत आणि त्यांच्याबाबत खोटे बोलता येते. या दोहोंच्या मधोमध इच्छेचा एक मोठा पट्टा आहे. कधीतरी परदेशी जावे, स्वतःचा धंदा काढावा, गावी परतून शेती करावी, अशा गोष्टी माणसाला वर्षानुवर्षे वाटत राहतात आणि त्यांतल्या बहुतेक वाटण्यापुढे जात नाहीत. माझे म्हणणे असे आहे की विचारले असता ठरलेली गोष्ट सांगणे हे उमेदवाराचे कर्तव्य आहे, पण नुसती वाटणारी गोष्ट उघड करण्याचे कोणतेही ऋण तो नोकरी देणाऱ्याला लागत नाही. आणि जो मालक ठरलेली गोष्ट खरी सांगणाऱ्याला त्याच कारणासाठी बाद करतो, त्याने उमेदवारांच्या खोटेपणाविषयी तक्रार करू नये.

यातला पहिला भाग तरुण वाचकांना आवडणार नाही, म्हणून आधी त्याविषयी. प्रवेशाचे पत्र हातात असताना, शुल्काचा पहिला हप्ता भरलेला असताना ‘मला इथेच दीर्घकाळ काम करायचे आहे’ असे सांगणे, हे धोरण किंवा व्यवहारज्ञान म्हणून खपवता येणार नाही. नव्या माणसाला आमच्या विभागात स्वतंत्रपणे काम करता यायला पाच-सहा महिने लागतात. तोवर एक जुना माणूस त्याच्याबरोबर अडकून पडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या जागेसाठी रांगेत असलेला दुसरा उमेदवार परत गेलेला असतो आणि तो काही भांडवलदार नसतो. तोही कुणाच्या तरी घरचा शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरणारा असतो. ‘कंपन्या तरी कुठे खरे बोलतात?’ या युक्तिवादात त्या परत गेलेल्या माणसाचा हिशेब कुठेच येत नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ हा आपल्याकडचा जुना दाखला इथे चपखल बसतो: ‘सध्या माझे सगळे लक्ष करिअरवर आहे’ असे वाक्य शब्दशः खरे असते, पण ऐकणाऱ्याचा गैरसमज व्हावा याच हेतूने ते रचलेले असते, आणि ज्याने ते रचले त्याला हे पक्के ठाऊक असते.

आता दुसरा भाग, ज्याविषयी मला अधिक सांगायचे आहे, कारण दोषाचा मोठा वाटा तिथे आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न बहुतेकदा स्पर्धा परीक्षेच्या रूपाने येतो. पुण्यातल्या सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांना मेस आणि खोलीभाडे भागवण्यासाठी मध्ये कधीतरी खासगी नोकरी धरावी लागते, आणि तिथे ‘एमपीएससीची तयारी चालू आहे का?’ असे हमखास विचारले जाते. ‘हो’ म्हणणाऱ्याला नोकरी मिळत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण या ‘हो’चा अर्थ तरी काय? राज्य सरकारने २०१६ मध्ये वयाची सर्वसाधारण मर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षांपर्यंत नेली. म्हणजे तत्त्वतः एखादा उमेदवार पंचविशीपासून अडतिशीपर्यंत ‘तयारी करणारा’ राहू शकतो. परीक्षेची तारीखही त्याच्या हातात नसते. करोनाच्या काळात राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुन्हा पुन्हा पुढे गेली आणि मार्च २०२१ मध्ये ती आणखी एकदा लांबणीवर पडली तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. अशा माणसाने ‘मी दोन वर्षांत सोडून जाईन’ म्हणणे जितके निराधार, तितकेच ‘मी कधीच जाणार नाही’ म्हणणेही निराधार. त्याला प्रामाणिकपणे एवढेच सांगता येते की मी परीक्षा देतो, निवड झाली तर जाईन, आणि निवड होण्याची शक्यता किती आहे हे तुम्हीही जाणता. हे उत्तर ऐकून त्याला बाद करणारा व्यवस्थापक मग अशाच दुसऱ्या परीक्षार्थीला घेतो, ज्याने ‘नाही’ म्हटलेले असते. निवड त्या दोघांच्या स्थैर्यातून झालेली नसते; खोटे बोलण्याची तयारी कुणाची अधिक, एवढेच त्या चाळणीतून गाळले जाते.

ही चाळणी किती सर्वदूर आहे, याचा अंदाज अमेरिकेतल्या एका अभ्यासावरून येतो. जुलिया लेवाशिना आणि मायकेल कँपियन या संशोधकांनी २००७ मध्ये नोकरी शोधणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांच्या मुलाखतींतील बनावटपणा मोजण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक जणांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारे उत्तरे रंगवून सांगितल्याचे आढळले. सरळ खोटे म्हणता येईल अशा प्रकारांचे प्रमाण मात्र त्याहून कमी, २८ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान होते. आपल्याकडे तर महाविद्यालयांचे प्लेसमेंट विभागच ‘मॉक इंटरव्ह्यू’च्या नावाखाली या रंगवण्याची तालीम देतात. ‘एम.एस.चा विषय काढू नका’, ‘घरचा धंदा आहे असे सांगू नका’ अशा सूचना शेवटच्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून दिल्या जातात. मूल्यशिक्षणाचा तास घेणाऱ्या आणि हा तास घेणाऱ्या संस्था वेगळ्या नसतात.

शिवाय जो पक्ष पाच वर्षांचा हा आराखडा मागतो, त्याने स्वतः काय सांगितलेले असते? नेमणूकपत्रात सहा महिन्यांचा परिवीक्षाकाळ असतो, त्यात कंपनी कारण न देता काढू शकते. देशात कुठेही बदली करण्याचा अधिकार राखून ठेवलेला असतो. आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात तर राजीनाम्यानंतर ९० दिवसांचा नोटीस पिरियड ही सर्वसाधारण रीत झाली आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या, नोकरीच्या शाश्वतीसाठी मध्यमवर्गात नावाजलेल्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्या निर्णयाची व्यावसायिक कारणे असतील आणि ती खरीही असतील. माझा मुद्दा एवढाच की एवढ्या मोठ्या संस्थेला जे पुढचे दिसत नाही, ते बावीस वर्षांच्या मुलाला दिसावे, अशी अपेक्षा ठेवणे हास्यास्पद आहे. ‘पाच वर्षांनी हा विभाग या कारखान्यात असेल का?’ असा प्रश्न उमेदवाराने आम्हाला विचारला, तर आमच्यापैकी किती जण खरे उत्तर देतील? मी स्वतः देऊ शकणार नाही, कारण मला ते माहीत नसते, आणि माहीत असते तरी सांगण्याची मुभा नसते.

स्त्री उमेदवारांच्या बाबतीत या प्रश्नाचे रूप आणखी बदलते. ‘पाच वर्षांनी कुठे?’ याच्या आडून ‘लग्न कधी?’ आणि ‘मूल कधी?’ हेच विचारायचे असते, आणि पुष्कळदा आड न ठेवताही विचारले जाते; वर ‘अहो, सहज विचारतोय’ अशी पुस्ती जोडलेली असते. या सहजपणाला मोठा इतिहास आहे. भारतीय परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये सेवेत आल्या, तेव्हा लग्न केल्यास राजीनामा देण्याची हमी त्यांच्याकडून लिहून घेण्यात आली होती. त्यांनी पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सेवेच्या नियमांतील या भेदभावावर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर दोनच वर्षांनी, हवाई सुंदरींनी एअर इंडियाविरुद्ध लढवलेल्या खटल्यात याच न्यायालयाने पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवण्याचा नियम रद्द केला. पण सेवेच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र वैध ठरवली. आज अशी अट कागदावर कुणी घालणार नाही. ती मुलाखतीच्या टेबलावर तोंडी उतरली आहे, आणि तोंडी असल्यामुळेच तिच्याविरुद्ध दाद मागता येत नाही.

यामागे आर्थिक कारण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांच्या बाबतीत हा भार कर्मचारी राज्य विमा योजना उचलते. त्यावरच्या वेतनश्रेणीत तो सर्वस्वी मालकावर पडतो. समाजाने पार पाडायच्या जबाबदारीचे बिल एकट्या मालकाच्या नावे फाडले की तो ते टाळण्याच्या वाटा शोधणार, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखायला हवे होते. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे. पण ‘दुसरा उमेदवार अधिक योग्य वाटला’ या वाक्यापुढे तो भेदभाव सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. जर्मनीतल्या कामगार न्यायालयांनी याबाबत एक रोखठोक भूमिका घेतलेली आहे. गरोदरपणाविषयीचा प्रश्न मुलाखतीत विचारणेच अयोग्य आहे आणि अयोग्य प्रश्नाला उमेदवाराने खोटे उत्तर दिले, तर त्या कारणावरून पुढे नेमणूक रद्द करता येत नाही. खोटे बोलण्याचा हक्क, असेच त्याला तिथे म्हटले जाते.

मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा अस्वस्थ वाटले होते; मी वर ज्या कर्तव्याची बाजू घेतली, त्याला ते सरळ छेद देते. पण विचार करता ती भूमिका मला पटते. अशा प्रश्नावर नुसते गप्प राहण्याची सोय उमेदवाराला नसते, कारण ‘याविषयी मला बोलायचे नाही’ हे उत्तर मंडळ ‘हो’ असेच वाचते. जिथे मौनाचाही अर्थ लावून शिक्षा होते, तिथे खऱ्याचा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार प्रश्नकर्त्याकडे उरत नाही. लग्न आणि मूल या गोष्टी ठरलेल्या असोत वा नसोत, त्या विचारण्याचाच हक्क मालकाला नाही, म्हणून त्या माझ्या ‘ठरलेले सांगावे’ या नियमाच्या बाहेर आहेत.

इथे काही व्यवस्थापक म्हणतील की माणूस टिकण्याची शाश्वती आम्हाला खरोखरच हवी असते. मग ती मिळवायची कशी? त्यासाठी उघड मार्ग आहे. राज्याच्या शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. होणाऱ्या डॉक्टरला एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र प्रवेशाच्या वेळीच द्यावे लागते. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली. असे बाँड मला आवडतात असे नाही. मूळ प्रमाणपत्रे कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या कंपन्यांचा अनुभव आमच्या नात्यातल्या एका मुलाने घेतला आहे. पण बंधपत्रात निदान आकडा दिसतो, मुदत दिसते, आणि सही करायची की नाही हे माणूस घरी विचारून ठरवू शकतो. पैसे न मोजता, काही लिहून न देता, मुलाखतीच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडून निष्ठेची तोंडी शपथ काढून घ्यायची आणि ती मोडली की त्याला अप्रामाणिक म्हणायचे, हा सौदा त्या बाँडपेक्षाही एकतर्फी आहे.

राहिला तो उमेदवार, ज्याला ठरलेली गोष्ट खरी सांगणे परवडत नाही. घरी हप्ते थकलेले आहेत, सहा महिने पगाराविना काढता येणार नाहीत, आणि खरे सांगितले तर आजची नोकरी जाणार हे दिसते आहे. तो खोटे बोलला तर मी त्याला दोष देणार नाही. मात्र त्याचे उत्तर खरे होते असेही म्हणणार नाही, आणि तोही स्वतःशी तसे म्हणत नसावा. ज्यांना असा पेच नाही, ज्यांच्याकडे दोन ऑफर लेटर आहेत आणि तरीही जे सवयीने घोकलेले उत्तर फेकतात, त्यांच्याविषयी मात्र मला फारशी सहानुभूती वाटत नाही. त्यांनी खरे बोलायला सुरुवात केली, तर वरच्या उमेदवारालाही ते थोडे सोपे होईल.

आमच्या विभागाच्या मुलाखतींत गेली काही वर्षे मी पाच वर्षांचा प्रश्न विचारत नाही. आधी आमच्या बाजूचे सांगतो: शिकवायला किती महिने लागतात, पाळ्या कशा असतात, बढती साधारण किती वर्षांनी होते, आणि पुढच्या वर्षी ही लाइन दुसरीकडे हलण्याची चर्चा आहे की नाही. मग विचारतो, “येत्या वर्षभरात तुमचे असे काही ठरलेले आहे का, ज्यामुळे आम्हाला कामाची आखणी वेगळी करावी लागेल?” लग्नाचे आणि घरचे यात येत नाही, हेही लगेच सांगतो. बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात, आणि त्यातले काही जण खोटे बोलत असणार. गेल्या जूनमध्ये एका मुलाने सांगितले की त्याचा जर्मनीतला प्रवेश पुढच्या सप्टेंबरसाठी निश्चित झाला आहे. त्याला आम्ही कायम जागेवर न घेता चौदा महिन्यांच्या एका मोजमाप प्रकल्पावर घेतले, कारण तेवढ्याच मुदतीचे काम आमच्याकडे होते. नसते तर त्याला परत पाठवावे लागले असते, आणि तेही मी त्याला तिथेच, कारणासह सांगितले असते.

छापील तक्त्यावरचा ‘स्थैर्य’चा रकाना अजून तसाच आहे. तो काढण्याविषयी मी दोनदा लिहून दिले. मनुष्यबळ विभागाचे म्हणणे असे की नमुना मुख्यालयातून येतो. मी तो कोरा सोडतो. माझ्या शेजारी बसणारे सहकारी तो भरतात.